सीटी-एफएफआर तपासणी: ब्लॉकेज रक्तप्रवाह किती अडवते, हे संगणक कसे सांगतो?

ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग घडतो. वडिलांचा सीटी अँजिओग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवून मुलगा विचारतो, "डॉक्टर, बाबांच्या एलएडीमध्ये साठ टक्के ब्लॉक आहे. स्टेंट कधी टाकायचा?" बाबा गप्प बसलेले असतात. रात्रभर कोणी झोपलेले नसते, आणि तोवर नातेवाइकांत "साठ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त बंद" असा हिशेबही झालेला असतो.

या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की, स्टेंट टाकायचा की नाही, हे साठ टक्के या आकड्यावरून ठरत नाही. तो आकडा रक्तवाहिनी किती अरुंद दिसते ते सांगतो. त्या अरुंद जागेमुळे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर आता काही रुग्णांमध्ये त्याच सीटी स्कॅनवरून, रक्ताचा प्रवाह संगणकावर वाहता करून मिळवता येते. या तपासणीला सीटी-एफएफआर म्हणतात. ती कशी होते, तिच्यावर किती भरवसा ठेवावा आणि हातात आलेला आकडा कसा वाचावा, यासाठी हा लेख आहे.

टक्केवारी आणि प्रवाह यांत फरक का पडतो?

शेताला पाणी देणारा पाट डोळ्यांसमोर आणा. पाटात एका जागी दगड-माती पडून तो निम्मा बुजला. त्या पाटावर दोन गुंठ्यांचा भाजीचा वाफा असेल, तर पाणी पुरेल. त्याच पाटावर दोन एकर ऊस असेल, तर शेवटच्या सरीला पाणी पोहोचणार नाही. अडथळा तोच, पण गरज वेगळी. हृदयातही तसेच आहे. साठ टक्क्यांचा ब्लॉक मोठ्या एलएडीच्या सुरुवातीला आहे की एखाद्या बारीक फांदीत, यावर त्याचे महत्त्व ठरते.

दुसरी बाब रक्ताच्या दाटपणाची. काकवी आणि पाणी एकाच नळीतून ओतून पाहिले तर काकवी हळू जाते, कारण तिच्या थरांचे एकमेकांशी घर्षण जास्त असते. रक्त काकवीइतके दाट नसले, तरी पाण्यापेक्षा साधारण तीन ते चार पट दाट असते. वाहिनीच्या भिंतीला टेकलेला रक्ताचा थर जवळजवळ स्थिर राहतो आणि मधला भाग वेगाने जातो. पाटाच्या कडेला पाणी संथ आणि मध्ये जोरात असते तसेच. वाहिनी जितकी अरुंद, तितका या घर्षणाचा वाटा वाढतो. हे नियमात बसवणारे ज्याँ प्वाझय हे फ्रेंच शास्त्रज्ञ मुळात वैद्यक शिकलेले होते. शरीरातल्या बारीक वाहिन्यांत रक्त कसे वाहते, या कुतूहलातून त्यांनी १८४०च्या सुमारास काचेच्या अतिशय बारीक नळ्यांवर प्रयोग केले. नळीची त्रिज्या निम्मी झाली आणि दाब तोच राहिला, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या भागावर येतो, असे त्यातून निघाले.

पण प्वाझय यांची नळी सरळ आणि सारख्या जाडीची होती. आपली कोरोनरी धमनी वाकडी, फांद्या फुटलेली आणि मध्येच चिंचोळी झालेली असते. चिंचोळ्या जागेतून रक्त पिचकारीसारखे बाहेर पडते, पुढच्या रुंद भागात भोवरे होतात आणि त्यात दाब वाया जातो. म्हणून ब्लॉकची लांबी, त्याचा आकार, एकामागे एक दोन ब्लॉक असणे, या सगळ्यांचा परिणाम होतो. डोळ्यांनी पाहून याचा अंदाज बांधणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते.

किती कठीण, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणातून दिसते. अँजिओग्राफीत ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या ब्लॉकमध्ये प्रत्यक्ष दाब मोजला, तेव्हा त्यांपैकी फक्त ३५ टक्के ब्लॉक रक्तपुरवठ्याला खरोखर अडथळा करणारे निघाले. ७१ ते ९० टक्के दिसणाऱ्या ब्लॉकमध्येही दर पाचांपैकी एक तसा अडथळा करत नव्हता. मुलाच्या प्रश्नातला "साठ टक्के" हा आकडा नेमका त्या धूसर पट्ट्यातला आहे.

एफएफआर म्हणजे काय?

एफएफआर हे एक साधे गुणोत्तर आहे. ब्लॉकच्या पुढचा दाब भागिले महाधमनीतला दाब. महाधमनीत सरासरी दाब १०० असेल आणि ब्लॉकच्या पुढे ७५, तर एफएफआर ०.७५. निरोगी वाहिनीत तो १ च्या जवळ असतो. हा दाब हृदयाच्या स्नायूला जास्तीत जास्त रक्त जात असताना मोजायचा असतो, म्हणून त्या वेळी ॲडिनोसिनसारखे औषध देऊन बारीक वाहिन्या पूर्ण उघडतात. हे का करायचे? कारण विश्रांतीत शरीर तूट भरून काढते. ब्लॉकपुढच्या सूक्ष्म वाहिन्या आधीच रुंदावतात आणि बसल्या जागी त्रास होत नाही. जिना चढताना मात्र आणखी रुंदावायला जागा उरलेली नसते, आणि छाती भरून येते.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही ते ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचा दाब पाहत होते. आज वापरली जाणारी एफएफआरची पद्धत निको पेल्स आणि बर्नार्ड डे ब्रुईन यांनी १९९०च्या दशकात रुजवली. यात मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून, दाब मोजणारी अत्यंत बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात. आकडा ०.८० किंवा त्याहून कमी आला, तर ब्लॉक महत्त्वाचा मानतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेम अभ्यासात एकाहून अधिक वाहिन्यांत ब्लॉक असलेले १००५ रुग्ण होते. नुसते चित्र पाहून स्टेंट टाकलेल्या गटात वर्षभरात मृत्यू, हार्ट ॲटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर यांपैकी काही ना काही १८.३ टक्के रुग्णांना झाले, एफएफआर मोजून टाकलेल्या गटात १३.२ टक्क्यांना. दुसऱ्या गटात स्टेंटही कमी लागले.

तारेची पद्धत उत्तमच आहे. पण त्यासाठी कॅथ लॅबमध्ये जावे लागते, आणि अनेकांना तिथे जाऊन "काही करायची गरज नाही" एवढेच कळते.

संगणक नेमके काय करतो?

सीटी-एफएफआरसाठी वेगळे इंजेक्शन, वेगळे रेडिएशन लागत नाही. आधी झालेल्या कोरोनरी सीटी अँजिओग्राफीच्या चित्रांवरच काम होते.

सुरुवातीला त्या चित्रांतून तुमच्याच धमन्यांचा त्रिमितीय साचा बनवतात. ब्लॉक, वळणे, फांद्या, सगळे जसेच्या तसे. हे काम सॉफ्टवेअर करते आणि प्रशिक्षित माणूस ते तपासतो. माझ्या मते हीच सगळ्यात नाजूक पायरी आहे, कारण इथे भिंत अर्धा मिलिमीटर चुकली तर पुढचे गणित कितीही बिनचूक असले तरी उत्तर चुकणार.

मग साच्याच्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात रक्ताचा वेग किती आणि दाब किती, हे शोधायचे असते. त्यासाठीची समीकरणे फ्रान्सचे अभियंते क्लोद-लुई नेव्हिये यांनी १८२२ मध्ये आणि केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडली. दाट द्रव घन भिंतीला लागून कसा वाहतो, हे ती सांगतात. विमानाच्या पंखावरून जाणारी हवा असो की पुलाच्या खांबाला वळसा घालणारे नदीचे पाणी, समीकरणे हीच. वाकड्यातिकड्या आकारासाठी ती कागदावर सुटत नाहीत, म्हणून संगणक प्रत्येक तुकड्याचा हिशेब शेजारच्या तुकड्यांशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहतो. शेवटी रंगीत नकाशा मिळतो आणि धमनीच्या कुठल्याही बिंदूवर एफएफआर किती असावा, ते वाचता येते.

एक गोष्ट मात्र सीटीमध्ये दिसतच नाही. ब्लॉकच्या पलीकडे, केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे किती प्रवाह ओढून घेईल, हे गृहीत धरावे लागते. हृदयाचा स्नायू जितका जास्त, तितके त्याला रक्त जास्त लागते. जितकी वाहिनी मोठी, तितका तिच्यापुढचा अडथळा कमी. आणि ॲडिनोसिन दिले असते, तर सूक्ष्म वाहिन्या साधारण अपेक्षित प्रमाणात उघडल्या असत्या. बहुतेकांच्या बाबतीत ही गृहीतके चालून जातात. सूक्ष्म वाहिन्यांचाच आजार असेल किंवा स्नायूचा काही भाग जुन्या हार्ट ॲटॅकने निकामी झाला असेल, तर ती डळमळतात. म्हणून रिपोर्टवरचा आकडा हा मोजलेला नसून हिशेबाने काढलेला आहे, हे लक्षात असू द्या.

अमेरिकेत स्टॅनफर्डमधील चार्ल्स टेलर आणि ख्रिस्तोफर झॅरिन्स यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या हार्टफ्लो या कंपनीच्या पद्धतीला तिथल्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये परवानगी दिली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ मध्ये तिची शिफारस केली. आपल्याकडे ही सोय अजून सगळीकडे नाही. नसेल, तर स्ट्रेस इको, स्ट्रेस थॅलियम किंवा गरज पडल्यास तारेने एफएफआर हे पर्याय आहेतच. केवळ या तपासणीसाठी दुसऱ्या शहरात धाव घ्यायची गरज बहुतेकांना नसते.

किती भरवसा ठेवावा?

२०१४ च्या एनएक्सटी अभ्यासात २५४ रुग्णांमध्ये संगणकाचा आकडा आणि तारेने मोजलेला आकडा यांची तुलना झाली. खरोखर अडथळा असलेल्या १०० रुग्णांपैकी ८६ जण संगणकाने ओळखले, आणि अडथळा नसलेल्या १०० पैकी ७९ जणांना बरोबर मोकळे केले. चांगले आहे, पण शंभर नंबरी नाही.

महत्त्वाचे हे की चूक सगळीकडे सारखी विखुरलेली नसते. आकडा ०.९० च्या वर असेल, तर तो जवळजवळ नेहमी बरोबर ठरतो. खूप खाली असेल, तरीही बहुधा बरोबर. पण ०.७० ते ०.८० या पट्ट्यात, २०१७ मध्ये पाच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा, संगणक आणि तार यांचे निदान निम्म्याहूनही कमी वेळा जुळले. म्हणजे ०.७८ आला म्हणून लगेच स्टेंट, हा हिशेब बरोबर नाही. अशा वेळी लक्षणे, ब्लॉकची जागा, दुसरी तपासणी किंवा तारेने खात्री, यांचा आधार घ्यावा लागतो.

फायदा काय, तर अनावश्यक अँजिओग्राफी टळते. २०१५ च्या प्लॅटफॉर्म अभ्यासात अँजिओग्राफी ठरलेल्या रुग्णांची आधी सीटी आणि गरजेनुसार सीटी-एफएफआर केली, तेव्हा ६१ टक्क्यांची अँजिओग्राफी रद्द झाली. ब्रिटनमधल्या १४०० रुग्णांच्या फोरकास्ट अभ्यासातही अँजिओग्राफी कमी झाल्या, पण एकूण खर्च मात्र वाचला नाही. महागडे सॉफ्टवेअर आले की पैसे वाचतातच, असे नाही.

रिपोर्ट वाचताना होणारी चूक

एक शिक्षक माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आले होते. रिपोर्टवर एलएडीसमोर ०.७७ लिहिलेले होते आणि घरच्यांनी स्टेंटसाठी पैशांची जमवाजमव सुरू केली होती. रंगीत नकाशा नीट पाहिला, तर ०.७७ हा आकडा धमनीच्या अगदी टोकाचा होता. ब्लॉक संपल्यानंतर लगेच पुढे तो ०.८७ होता. उरलेली घट पुढच्या सबंध लांबीत हळूहळू झालेली होती. अशी हळूहळू होणारी घट पसरलेल्या आजारात दिसते, आणि थोडीफार घट तर निरोगी धमनीतही असते. तिथे एका जागी स्टेंट टाकून फारसे काही साधत नाही. त्यांना गोळ्यांवर ठेवले आणि लक्षणांवर लक्ष ठेवायला सांगितले.

म्हणून आकडा विचारताना तो कुठला, हेही विचारा. ब्लॉक संपल्यानंतर साधारण एक ते दोन सेंटिमीटर पुढचा आकडा निर्णयासाठी धरतात. ब्लॉकपाशी आकडा एकदम घसरतो का, हेही डॉक्टरांना नकाशावर दाखवायला सांगा. यात संकोच करू नका.

आणखी एक गैरसमज याच्या उलट दिशेचा आहे. "एफएफआर ०.८८ आला, म्हणजे हृदय ठणठणीत" असे समजून काही जण गोळ्या बंद करतात. हे धोक्याचे आहे. धमनीत चरबीचा थर आहे, हे सीटीने दाखवलेलेच आहे. आज तो प्रवाह अडवत नाही, इतकेच. हार्ट ॲटॅक अनेकदा लहान ब्लॉक अचानक फुटून, त्यावर रक्ताची गुठळी होऊन येतो. तो कधी फुटेल, हे एफएफआर सांगत नाही. स्टॅटिन, रक्तदाब आणि साखरेवर ताबा, तंबाखू-मिश्री-सिगारेट पूर्ण बंद, हे आकडा काहीही आला तरी चालूच ठेवायचे असते.

आकडा कमी आला तरी घाबरून त्याच दिवशी निर्णय घेण्याचे कारण सहसा नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्किमिया अभ्यासात भारतातील रुग्णांसह ५१७९ रुग्ण होते. त्रास स्थिर असलेल्यांमध्ये सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यूचे प्रमाण औषधोपचारापेक्षा कमी झाले नाही. छातीतल्या दुखण्याला मात्र अधिक आराम पडला. डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांची गोष्ट वेगळी.

ही तपासणी कोणाला उपयोगी नाही?

धमनीत कॅल्शियम खूप साठले असेल, तर सीटीवर ते फुगून दिसते आणि साचा चुकतो. अनियमित ठोके किंवा श्वास न रोखता आल्याने चित्र हलले असेल, तरी तेच. आधी बायपास झालेली असणे, त्याच वाहिनीत स्टेंट असणे, गेल्या महिन्याभरात हार्ट ॲटॅक आलेला असणे, अशा वेळी सहसा ही तपासणी करत नाहीत. आणि सीटीमध्ये धमन्या स्वच्छ असतील, तर ती करण्याचे कारणच नाही.

चित्र चांगले यावे यासाठी तुमच्याकडून मदत लागते. नाडी ६० च्या आसपास आणण्यासाठी बीटा ब्लॉकर गोळी देतात, म्हणून दमा असेल तर आधी सांगा. चहा-कॉफी त्या दिवशी टाळा. धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. लैंगिक समस्येसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेत असाल, तर लाज न बाळगता सांगा, कारण दोन्ही एकत्र झाल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. क्रिएटिनिनचा रिपोर्ट, मेटफॉर्मिन चालू असल्यास त्याची माहिती आणि आधी कॉन्ट्रास्ट इंजेक्शनची ॲलर्जी झाली असल्यास तेही सांगा.

स्टेंट टाकलाच, तर?

प्रवाहाचे हेच गणित स्टेंट बनवतानाही वापरतात. स्टेंटच्या जाळीची तार रक्ताच्या प्रवाहात आलेली छोटी घन वस्तू असते. नदीत पुलाच्या खांबामागे पाणी घुटमळते, काटक्या-कचरा तिथेच साचतो. तसेच तारेच्या मागे रक्त संथ होते, उलटे फिरते, आणि गुठळी करणाऱ्या पेशींना तिथे थांबायला वेळ मिळतो. तार जाड तर ही संथ जागा मोठी. पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटच्या तारा १३० ते १४० मायक्रॉन जाड होत्या, आजच्या अनेक स्टेंटच्या ६० ते ८० मायक्रॉन असतात.

तारेवर शरीराचे अस्तर चढेपर्यंत ती उघडीच असते. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या दिल्या जातात त्या याचसाठी. दात काढायचा आहे किंवा पित्त झाले म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

पुन्हा कधी करायची?

दरवर्षी करण्याची ही तपासणी नाही. लक्षणे तशीच असतील, तर जुना आकडा पुन्हा काढून नवे काही कळत नाही. पूर्वी दोन जिने चढता येत होते आणि आता एका जिन्यात छाती भरते, असा बदल झाला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता भेटा. बसल्या जागी छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ पंधरा मिनिटांहून जास्त राहिली, तर एफएफआरचा जुना आकडा कितीही चांगला असो, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.